शेपटाचं पाणी

"मी मेलो," तो दुकानदाराला म्हणाला. "पांढरं कापड द्या."

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. समोर सव्वासहा फुटांचा परदेशी माणूस, केस कडब्याच्या रंगाचे, नाकाचा शेंडा उन्हाने सोललेला. दुकानदाराने मीटरपट्टी उचलली आणि विचारलं, "किती मीटर?"

मी शेजारी उभी राहून एका जुन्या साडीसाठी काठ बघत होते. हसू लपवायला मी काठाचा गुंडा तोंडापुढे धरला, पण त्याने ते पाहिलंच.

"चुकलं?" त्याने मला विचारलं.

"वाक्य बरोबर आहे," मी म्हणाले. "फक्त… मेलेला माणूस स्वतः कापड घ्यायला येत नाही."

त्याने विचार केला. खरोखर केला, कपाळाला आठी घालून.

"मग कोण येतं?"

"शेजारी."

"तुम्ही माझ्या शेजारी उभ्या आहात," तो म्हणाला. "तुम्ही घ्या."

मी घेतलं. अडीच मीटर मांजरपाट. रविवारी त्याला रोनकच्या खेळात भूत व्हायचं होतं. त्याच खेळात मी त्या भुताची विधवा होणार होते, हे आम्हाला दुकानाच्या पायऱ्या उतरताना कळलं. त्याचं नाव एरो, गाव फिनलंडमध्ये. माझं कामिनी, गाव धुळ्याकडे. "म्हणजे आपलं लग्न झालेलं आहे," तो म्हणाला आणि पिशवी माझ्या हातातून काढून घेतली, जशी ती कायमच त्याने उचलायची असते.

फुली.

थांबा, एक सांगायचं राहिलं. आमच्या क्लबात खेळ चालू असताना कोणाला थांबवायचं असेल तर दोन्ही हात डोक्यावर नेऊन मनगटांची फुली करायची. फुली दिसली की सगळे आपापलं सोंग सोडून उभे राहतात, जे असेल ते सरळ बोलतात, मग खेळ पुढे. ही गोष्टही मी तशीच सांगणार आहे.

क्लबचं नाव 'सोंग'. रोनकचे काका पारसमलजी यांची जळगावात एक बंद पडलेली डाळ मिल आहे, तिच्या गोदामात आम्ही दर रविवारी खेळतो. हे नाटक नाही. प्रेक्षक नसतात, संवाद पाठ नसतात. प्रत्येकाला एक चिठ्ठी मिळते: तू कोण, तुला काय हवं आहे, तू काय लपवतोयस. मग चार-पाच तास ते होऊन राहायचं. पारसमलजींची अट एकच, मिलमध्ये कांदा-लसूण आणायचा नाही. खून, दरोडे, भुतं यांना त्यांची हरकत नाही.

आम्ही इथले अकरा जण. पावसाळ्यानंतर सहा परदेशी आले. ते पाइप बनवणाऱ्या एका कंपनीत ठिबकचं काम शिकायला किंवा शिकवायला आलेले. एरो जमिनीतली ओल मोजणारी यंत्रं केळीच्या बागांत बसवायचा. केनियाची वांजिरू त्याच कंपनीत प्रशिक्षणाला होती. दोघंही आपापल्या देशांत वर्षानुवर्षं असे खेळ खेळलेले. फुलीची खूण त्यांनीच आणली. त्याआधी आम्ही "अरे थांब ना यार" म्हणायचो.

पुढे.

भांडणाची ठिणगी त्या भुताच्या खेळातच पडली. खुनी होता हितेंद्र, बोदवडच्या केळीवाल्या चुडामणभाऊंचा मुलगा. पोत्यांच्या थप्पीमागून मांजरपाटातला एरो उठला, दोन्ही हात पसरून त्याच्याकडे निघाला, मी विधवा म्हणून रडायला लागले होते, वांजिरू माझी सासू होऊन माझ्याहून जास्त रडत होती. आणि हितेंद्रचा फोन वाजला. त्याने उचलला.

"हो आई, जेवलो. नाही, मेथीची. ठेवतो, भूत आलंय."

आम्ही अकराच्या अकरा जण पोट धरून खाली बसलो. वांजिरू बसली नाही. डोळे पुसून ती सरळ गेटबाहेर गेली आणि रिक्षा करून निघून गेली. भूत हात पसरलेल्या अवस्थेत तसंच उभं होतं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच एक हात खाली घेतला, मग दुसरा. मला का कोण जाणे, हसायचं थांबावंसं वाटलं.

पुढचे चार दिवस ग्रुपवर हे चाललं. इंग्रजी होतं ते मराठीत देते.

वांजिरू: खेळताना फोन बंद ठेवणं हा नियम आहे की विनंती?

हितेंद्र: तुमच्याकडे नियम असतात. आमच्याकडे आई असते.

वांजिरू: तुम्ही आपसात मराठीत सुरू झालात की आम्ही सहा जण गोदामातली पोती होतो.

हितेंद्र: आणि इंग्रजीत मला राग येत नाही. पाठ करून आणावा लागतो.

एरो: मी पोतं म्हणून तसा सुखी होतो.

रोनक: कृपया सगळ्यांनी शांत राहा.

रोनक सराफाच्या घरातला, त्याला भांडण तराजूत घालून बघायची सवय. त्याने ठरवलं की दोन क्लब करू. शनिवारी इंग्रजी, रविवारी मराठी. त्याआधी सगळ्यांनी मिळून एक शेवटचा खेळ. तो कोणी मध्येच सोडून न जाता पार पडला तर क्लब एकच राहील. खेळ लिहायची पाळी माझी होती. माझा पहिलाच.

फुली.

मी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. शनिवारी आमची प्रयोगशाळा संध्याकाळी सातपर्यंत उघडी असते. म्हणजे दोन क्लब झाले तर एरो शनिवारी खेळणार, मी रविवारी, आणि आमची गाठ फक्त कापडाच्या दुकानात पडली तर पडणार. हे मी बैठकीत बोलले नाही. क्लबची एकजूट महत्त्वाची आहे, असं म्हणाले. रोनकने ते टिपून घेतलं.

पुढे.

खेळासाठी मी माझ्या आजोबांचं गाव निवडलं. पांझरेच्या काठी, साक्री तालुक्यात. तिकडे पूर्वापार फडाची शेती. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली सगळ्या गावाच्या शेतांचे मिळून फड. पाणी कोणाला कधी द्यायचं ते पंच ठरवतात, प्रत्यक्ष सोडतो तो पाटकरी, आणि चोरी होऊ नये म्हणून फिरतो तो जागल्या. माझे आजोबा भाईदास नाना बत्तीस वर्षं पाटकरी होते.

एरोला मी जागल्याची चिठ्ठी दिली. ती वाचून तो म्हणाला की त्याला हे पाणी डोळ्यांनी बघायचं आहे. मी म्हणाले, लांब आहे. तो म्हणाला, फिनलंडपेक्षा?

डिसेंबरातला एक रविवार. आम्ही एसटीने धुळ्याला गेलो, तिथून साक्रीच्या गाडीने पुढे. धुळे स्टँडवर बोरं घेतली. खिडकीची काच अडकलेली होती आणि बिया टाकायला जागा नव्हती. त्याने तळहात पुढे केला. मी एक बी त्यात ठेवली. मग दुसरी. आमचं बोलणं चालूच होतं, मातीतल्या क्षारांबद्दल, पण माझं सगळं लक्ष त्या बिया मोजण्याकडे होतं. नेर येईपर्यंत अकरा झाल्या.

मग त्याने विचारलं, "ग्रुपवर ललित आणि पुना सारखे एका मुलीबद्दल लिहितात. कोण आहे ती?"

ललित आणि पुना आमच्या क्लबातले दोघं धुळेकर. ते मुलींबद्दल लिहीत असतील तर मला माहीत नव्हतं, आणि एरोला त्या मुलीत एवढा रस का, हेही माहीत नव्हतं.

"असेल कोणी," मी म्हणाले.

"सुंदर असावी," तो म्हणाला. "तिच्याशिवाय त्यांचं एक वाक्य पूर्ण होत नाही."

मी पुढची बी खिडकीच्या फटीतून बाहेर टाकली.

नानांना पाहुणा आवडला. तो बंधाऱ्यावर गुडघे टेकून बसला, पाण्यात हात घातला, पाटाचा उतार डोळ्याने मापला आणि वहीत काहीतरी काढलं. पिवळ्या कव्हरची वही, पाण्याने न भिजणाऱ्या कागदाची. नाना अहिराणीत सांगत होते, मी त्याला शुद्ध मराठीत करून देत होते, जिथे अडेल तिथे इंग्रजीत. एका जागी नानांनी मला थांबवलं.

"याले नीट सांग, पोरी. आपला वावरनं पानी आपन सोडानं नही."

मी सांगितलं. आपल्या शेताचं पाणी आपण सोडायचं नाही. तहान कितीही असो, दार उघडायचं ते पाटकऱ्याने, दुसऱ्याने. स्वतःच्या शेतात स्वतः पाणी सोडलं की ती चोरी.

"आणि दुसऱ्याच्या शेतात सोडलं तर?" एरोने विचारलं.

नाना हसले. बत्तीस वर्षांत असं कोणी केल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

परतताना आम्ही शेपटाच्या शेतांवरून आलो. पाटाच्या अगदी टोकाला असलेली शेतं, सगळ्यांचं भरून झाल्यावर पाणी उरलं तर तिथे पोचतं. जमीन भेगाळलेली होती. एरो एका भेगेत पेन्सिल घालून खोली मोजत राहिला. "जागल्याचं शेत इथे असेल," तो म्हणाला. "मला लिहून दे. दिवसभर सगळ्यांचं पाणी राखणारा माणूस, आणि त्याचं शेत इथे."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता तो. फिनलंडमध्ये म्हणे राष्ट्राध्यक्षांनाही तू म्हणतात, म्हणून मराठीतलं 'तुम्ही' तो फार कष्टाने शिकला होता आणि सगळ्यांवर सारखं वापरायचा. मी त्याची चूक काढली नाही.

भाषेचा प्रश्न मी असा सोडवला: खेळात ज्याची त्याची भाषा. भाषांतर करायचं नाही. पण प्रत्येक गावकऱ्याने जागल्याला एक लेखी जबानी द्यायची, ती इंग्रजी अक्षरांत, म्हणजे वाचताना कोणी अडणार नाही. ललित-पुना ग्रुपवर तसंच लिहितात, भाषा घरची, अक्षरं इंग्रजी. मला हा तोडगा फार आवडला होता. चार जणांना मी तो दोनदा समजावून सांगितला.

जानेवारीतला शेवटचा रविवार, नानांच्या गावी सकाळचे दहा. गहू पोटरीला आलेला, आणि एक कापणी झालेलं मोकळं वावर आमच्यासाठी. सगळ्यांचे फोन एका स्टीलच्या डब्यात घालून डबा नानांकडे दिला. हितेंद्रने आईला आधीच सांगून ठेवलं होतं की चार वाजेपर्यंत तो नाही असं समज. वांजिरूने त्याबदल्यात मान्य केलं की दुपारचा चहा खेळातलाच धरायचा. पंच म्हणून पितील.

खेळ असा: आदल्या रात्री कोणीतरी पाटाचं दार उघडलं आणि अर्ध्या फडाचं पाणी वाहून गेलं. जागल्याने दुपारपर्यंत चोर शोधायचा, पंचांनी निकाल द्यायचा. माझ्या चिठ्ठ्यांप्रमाणे चोर होता खुद्द मुख्य पंच, म्हणजे हितेंद्र. मी स्वतः छोटं सोंग घेतलं होतं, गोधड्या शिवणारी यशोदा, जिच्या नावावर जमीन नाही.

दोन तास खेळ सुरेख चालला. इतका की मला भीती वाटायला लागली. वांजिरू स्वाहिलीत भांडत होती आणि पुना अहिराणीत उत्तर देत होता, आणि दोघं एकमेकांना पुरते समजत होते. रोनक सावकार म्हणून कोणालाच आवडत नव्हता. नानांना मी म्हाताऱ्या पाटकऱ्याची चिठ्ठी दिली होती. ती त्यांनी वाचली नाही, गरज नव्हती. आणि एरो खांद्यावर घोंगडी टाकून बांधाबांधाने फिरत होता, जबान्या गोळा करत. माझ्याजवळ आला तेव्हा म्हणाला, "यशोदाबाई, रात्री कुठे होतात?" मी म्हणाले, "घरी." तो म्हणाला, "एकट्या?" मी म्हणाले, "जागल्याला इतकं कशाला?" त्याने वहीत काही लिहिलं नाही. नुसता उभा राहिला, घोंगडीचं टोक बोटाला गुंडाळत… आणि मग गेला.

साडेबाराला पंच बसले. जागल्या उभा राहिला. इंग्रजीत बोलला, हळूहळू, प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत.

तो म्हणाला की चोर एक बाई आहे. सगळं गाव तिला ओळखतं, पण नाव घ्यायला घाबरतं. त्याच्याकडच्या जबान्यांपैकी नऊ जणांनी तिचाच उल्लेख केला आहे. काहींनी एकाच ओळीत दोनदा. गावात बायका चार, त्यातल्या तिघी काल रात्री गोंधळाला होत्या. उरली एक.

आणि त्याने घोंगडीतून हात काढून माझ्याकडे बोट दाखवलं.  

हितेंद्रने पुढे वाकून विचारलं, कुठे लिहिलंय हे?

एरोने एक कागद पुढे धरला. ललितची जबानी. 'दार तठे शे. पानी आठे नही शे. चोर गावमाच शे.' इंग्रजी अक्षरांत. एरोने बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं: एस, एच, ई. एस, एच, ई. एस, एच, ई.

 आधी पुनाच्या नाकातून आवाज आला. मग ललित. मग बांध फुटावा तसे सगळे. हितेंद्र पंचाच्या खुर्चीवरून खाली घसरला आणि मातीत हात आपटायला लागला. मीही हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसले.

एरो कागद धरून उभा होता. भुतासारखाच, दोन्ही हात पुढे. या वेळी मात्र त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

वांजिरू उठली आणि हात डोक्यावर नेले. फुली.

फुली.

'शे' म्हणजे आहे. एवढंच. दार तिथे आहे, पाणी इथे नाही आहे, चोर गावातच आहे. धुळ्याची प्रत्येक गोष्ट शे वर संपते. पण माझ्या तोंडून एरोने तो शब्द कधी ऐकला नव्हता. घरी शे, बाहेर आहे, हे मला शाळेत असल्यापासून कोणी न सांगता कळलेलं. एरोशी मी पहिल्या दिवसापासून 'आहे' बोलत होते. नानांचंही प्रत्येक वाक्य धुऊन, पुसून, इस्त्री करून त्याच्या हातात ठेवत होते. म्हणजे चूक त्याची नव्हती.

पुढे. म्हणजे अजून नाही, फुली चालू होती.

वांजिरू म्हणाली, हे दुसऱ्यांदा होतंय, आता ती बाकीच्यांना घेऊन निघणार. कोणीतरी एरोला शे म्हणजे काय ते सांगितलं. त्याने मान हलवली. बोलताना ऐकला होता हा शब्द, म्हणाला, वाटलं की तुमच्या उच्चारातलं इंग्रजी आहे. मग त्याने सरळ, कुणाला लागणार नाही असं सांगितलं: फिनिश भाषेत तो आणि ती वेगळे नाहीत. दोघांना एकच शब्द. इंग्रजी शिकताना तो आईलाही 'तो' म्हणायचा आणि वर्ग हसायचा. म्हणून हीच तीन अक्षरं त्याने रात्रंदिवस घोटली. आता ती कागदावर दिसली की तो थांबतो, दोनदा बघतो आणि मनात म्हणतो: ती. चुकू नको. ती.

"पंधरा वर्षं झाली," तो म्हणाला. "या एका शब्दात मी चुकलो नव्हतो."

हितेंद्र मातीतून उठला. आता हसत नव्हता. त्याने बंडीची धूळ झटकली.

नंतर त्याने मला सांगितलं की पुण्यात पहिल्या वर्षाला तो 'पाणी' म्हणायचा तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी 'पानी, पानी' असं ओरडायचं. त्याने मग तहान लागली तरी शब्द काढणं सोडलं होतं. त्या वेळी मात्र तो यातलं काही बोलला नाही. खुर्ची सरळ केली, बसला, आणि वांजिरूला म्हणाला, "हात खाली घे, पंचबाई. निकाल व्हायचाय अजून." इंग्रजीत म्हणाला. बऱ्यापैकी रागाने, आणि तो पाठ केलेला नव्हता.

वांजिरूने त्याच्याकडे पाहिलं. मग एरोकडे. हात खाली आले.

पुढे.

"जागल्यानी बरोबर सांगं," मुख्य पंच म्हणाला. "चोर तीच शे."

चिठ्ठीप्रमाणे चोर तोच होता, त्यामुळे दुसऱ्यावर आळ येतोय तर उचलून धरणं त्याच्या सोंगाला शोभूनच होतं. पण तो हे कोणासाठी करतोय ते सगळ्यांना कळलं. पुना आणि ललित खाली बघत होते.

"बोल, यशोदा," तो म्हणाला.

मी नाही म्हणू शकले असते. खेळ मी लिहिला होता, खरं काय ते मला माहीत होतं. नाही म्हटलं असतं तर जागल्या खोटा पडला असता आणि खेळ बरोबर झाला असता.

"हां," मी म्हणाले. "पानी मीच सोडं."

एरोची मान वर आली. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि मराठीत विचारलं, "तुमच्या नावावर शेत नाही. मग कोणासाठी?"

माझ्या चिठ्ठीत याचं उत्तर नव्हतं. चिठ्ठी मीच लिहिली होती आणि त्यात हे नव्हतं.

"तुन्हाकरता," मी म्हणाले. "तुन्हं वावर शेपटाले शे. बठ्ठासनं पानी तू राखस, नि तुन्हा वावरमा कधीच पोचत नही. माले देखवनं नही."

भाषांतर करायचं नाही असा नियम होता. कोणी केलं नाही. त्याला सगळं समजलं की नाही मला माहीत नाही, पण शे त्याला आता समजत होतं. त्याने घोंगडी खांद्यावरून काढून हातात घेतली.

वांजिरू पंच म्हणून काही म्हणणार तेवढ्यात बांधावरून नाना बोलले. चिठ्ठी न वाचलेले नाना.

"तिनी आपला वावरमा नही सोडं. दुसराना वावरमा सोडं. मंग चोरी कशी व्हई? पाटकरी तरी दुसरं काय करस?"

पंचांनी आपसात पाहिलं. निकाल असा झाला की चोरी झालीच नाही, आणि पुढच्या हंगामापासून यशोदा पाटकरी.

खेळ संपला तेव्हा दोन वाजले होते. कोणी मध्येच गेलं नव्हतं.

बांधाच्या पलीकडे ललितने कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला घातली होती. भरीत, पुऱ्या, कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा. रोनकसाठी बिनलसणाचं वेगळं. फोनचा डबा उघडल्यावर हितेंद्रने पहिला फोन आईला केला आणि वांजिरूने त्याच्या हातातून तो घेऊन त्याच्या आईला, लताबाईंना, इंग्रजीत सांगितलं की तुमचा मुलगा वाईट माणूस आहे, पण जेवतोय. लताबाईंना काय कळलं कोण जाणे, पण त्या बराच वेळ हसत होत्या.

मी पंगतीच्या टोकाला बसले होते. एरो पुरीचा घास न तोडता माझ्यासमोर बसला.

"खेळ संपला?"

"संपला."

"मग ते पाणी…"

"त्याचं काय?"

"ते आत होतं की बाहेर?" त्याने हाताने वावराकडे दाखवलं. जिथे खेळ होता तिकडे. "मला एक सांगायचं आहे. पण नाना म्हणाले, आपल्या शेताचं पाणी आपण सोडायचं नाही."

"नियम आहे," मी म्हणाले. माझा आवाज नीट होता, असं मला अजून वाटतं.

तो उठला. पंगतीच्या मधून चालत हितेंद्रजवळ गेला, उकिडवा बसला आणि त्याच्या कानात काहीतरी म्हणाला. हितेंद्रच्या तोंडात भरीत होतं. त्याने सावकाश चावून गिळलं, पाण्याचा घोट घेतला आणि दहा माणसांच्या डोक्यांवरून मला हाक मारली.

"कामिनी, याना तुन्हावर जीव शे. ठेचा सरकाव इकडे."

 नानांचं भाकरी मोडणं तेवढं चालू होतं.

"मी बोदवडचा," हितेंद्र म्हणाला. "आमच्यात शे म्हणत नाहीत. पण पाणी सोडायचं ते नीट सोडावं."

एरो तिथेच उकिडवा होता, माझ्याकडे बघत. या वेळी हात पसरलेले नव्हते, गुडघ्यांवर होते. मला थांबवायचं असतं तर खूण सगळ्यांना माहीत होती. दोन्ही हात वर, मनगटांची फुली.

माझे हात भरताने माखले होते. मी ठेचा सरकवला.

क्लब एकच राहिला. रविवारी. एरोचं काम मार्चपर्यंतचं आहे. मार्चचं मार्चमध्ये बघायचं असं ठरलंय, पण त्याने कंपनीला शेपटाच्या शेतांत यंत्रं बसवायचा प्रस्ताव दिला आहे आणि तो दीड वर्षांचा आहे. शनिवारी सात वाजता तो प्रयोगशाळेच्या दाराशी उभा असतो. मी त्याच्याशी आता कधी आहे बोलते, कधी शे. लक्षात राहत नाही.

पिवळी वही त्याने मला बघू दिली. शब्दांच्या यादीत शेवटच्या पानावर, पेन्सिलीने, वेड्यावाकड्या देवनागरीत असं लिहिलेलं आहे:

शे — आहे. ती नव्हे.

आणि त्याखाली, वेगळ्या दिवशी लिहिलेलं असावं, कारण पेन्सिल जास्त टोकदार आहे:

एकदाच — ती.